उजवीकडे कडक, डावीकडे मऊ

आप्पांनी स्टीलचा पेला काठोकाठ भरला, निळीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि माझ्या शेजारी बसत म्हणाले, "हं. चल आता."

"सांडणार ते, आप्पा."

"सांडू दे की. परीक्षा तुजी हाय, माजी न्हाय."

उद्यमनगरातल्या माझ्या शेडच्या मागे नाल्याच्या कडेनं एक रस्ता जायचा. अर्धा डांबरी, अर्धा खडीचा, आणि खडीच्या भागात नळ टाकून बुजवलेले चर. मी मुद्दाम तोच रस्ता निवडला होता. पहिला चर आला तसं पेल्यातलं पाणी उसळून आप्पांच्या धोतरावर पडलं. दुसऱ्या चराला पेलाच उलटला.

"नापास," आप्पा म्हणाले. "एसटीत असतीस तर बायांनी शिव्या घातल्या असत्या."

आप्पा एसटीचे ड्रायव्हर होते. गगनबावड्याचा घाट त्यांनी इतकी वर्षं चढला-उतरला की त्या वळणांची नावं त्यांनी स्वतः ठेवली होती. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला निवृत्तीनंतरही ते सणासुदीला सदऱ्यावर लावायचे. पण त्यांचा खरा अभिमान बिल्ल्याचा नव्हता. घाटाखालच्या गावांतल्या गरोदर बाया दवाखान्यात जायला निघाल्या की स्टँडवर विचारायच्या, चौगुल्यांची गाडी कधी आहे? आधीची एसटी सोडून त्या आप्पांच्या गाडीसाठी थांबायच्या. "मागच्या शिटावरचं निजलेलं पोर जागं झालं, तर त्यो ड्रायव्हर कसला?" हे वाक्य आम्ही भावंडांनी जेवताना, अभ्यास करताना, कशाही निमित्तानं ऐकलेलं होतं.

मी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं.

"आता बघा."

निळी ही हंबीरची गाडी. हंबीर माझा धाकटा भाऊ. सोमवार ते शनिवार तो ती घेऊन दूध संघात कामाला जायचा, आप्पांना पाठदुखीच्या डॉक्टरांकडे न्यायचा, आणि रॅली असली की त्याच गाडीच्या दारांवर नंबर चिकटवून माळावर पळवायचा. डांबरी रस्त्याला एक शॉकअप लागतो आणि खडीमातीला दुसरा. दोन्हीकडे चालेल असा एकच शॉकअप बनवायचा, एवढ्यासाठी मी एका कारखान्याच्या चाचणी विभागातली नोकरी सोडून शेड घेतली होती. फिजिक्स शिकलेल्या मुलीनं ग्रीसमध्ये हात घालायचा हे आमच्या नातेवाइकांना चमत्कारिक वाटायचं. आप्पांना वाटत नव्हतं. माझ्या हातांना गाडीचा वास येतो, याचं त्यांना बरं वाटत असावं.

"ही नळी. आत तेल आहे," मी म्हटलं. "चाक वर आलं की दांडा आत जातो आणि तेलाला बारीक भोकांतून पळावं लागतं. भोक लहान केलं की तेल अडतं, गाडी कडक होते. मोठं केलं की मऊ. वरचा हा लाल नॉब दिसतो ना, त्यानं भोक लहान-मोठं होतं."

"हात लावू?"

"लावा की."

त्यांनी दोन बोटांनी नॉब धरला. रेडिओचं स्टेशन लावताना धरायचे तसाच. टक् आवाज झाला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा टक्.

"खटकं लागत्यात."

"एकेक खटका म्हणजे एकेक पायरी. उजवीकडे कडक, डावीकडे मऊ."

"उजवीकडं कडक, डावीकडं मऊ," ते म्हणाले आणि नॉब डावीकडे शेवटपर्यंत फिरवत गेले. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूचाही फिरवला, तोही मोजत, ओठ हलवत. मागचे दोन नॉब डिकीत स्टेपनीच्या आड होते. ते त्यांना दाखवण्याची मला गरज वाटली नाही. पाठ वाकवायला लागली असती. मीच जाऊन ते मऊ करून आले.

पेला पुन्हा भरला. त्याच रस्त्यावर तेच चर आले. पाणी डुचमळलं, काठावरून एक ओघळ खाली आला, बस्स. आप्पांनी पेला उचलला आणि उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"पास," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "शालन, माज्या येळंला असलं काय असतं तर गं!"

माझ्या कामाबद्दल आजवर कुणी बोललेलं याहून चांगलं वाक्य मला आठवत नाही.

परत येताना त्यांनी विचारलं, "मग आपलं हंबीर गाडी कडक का ठेवतंय? परवा मला घिऊन गेला डाक्टरकडं. पाठीचं पार भजं झालं."

"नॉब फिरवायला विसरला असेल. रॅलीला कडक लागते, आप्पा. तिथं उडी असते. कालव्याचा बांध येतो, गाडी वरून जाते आणि—"

"गाडीनं उडी कशाला मारायची? बेडूक हाय व्हय ती?"

मला हसू आलं. असलं काही ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे आणि मग आपण हसलो की स्वतः हसायचे. आम्ही दोघं हसलो, शेड आली, आणि विषय तिथेच राहिला.

रॅली त्याच रविवारी होती.

हंबीरसाठी ती नेहमीसारखी रॅली नव्हती. कोइमतूरच्या एका संघाचे मॅनेजर, शिवकुमार नावाचे, फक्त ड्रायव्हर बघायला आले होते. पुढच्या हंगामासाठी त्यांना एक जागा भरायची होती. हंबीर तिशीला टेकला होता. या खेळात तिशीच्या पुढे नवीन माणूस कुणी घेत नाही. त्याची निवड झाली असती तर दूध संघ सुटला असता, आणि त्याच्या गाडीखालचे शॉकअप कुणाचे, हेही चार लोकांनी विचारलं असतं.

आप्पांनी त्याची रॅली कधी पाहिली नव्हती. "माणसं न्यायची सोडून माती उडवत फिरायचं, त्ये काय बघायचं?" असं म्हणायचे. पण त्या रविवारी ते आले. एसटीनं फाट्यापर्यंत, आणि तिथून यात्रेच्या मैदानापर्यंत चालत. सदऱ्यावर बिल्ला. हातात डबा.

"तुमी? इकडं?" हंबीर हेल्मेट काढत म्हणाला. त्याचे केस घामानं डोक्याला चिकटले होते आणि भुवयांवर तांबडी धूळ होती.

"का? तिकीट हाय व्हय?"

"न्हाय. पण बरं वाटलं."

"जेव. भाकरी हाय आन् खर्डा. सादिक, तू बी ये रे."

सादिक मुजावर हंबीरचा नॅव्हिगेटर. शेजारी बसून पुढचं वळण वाचून दाखवायचा. "आप्पा, तुमचं पोरगं एक नंबरला हाय सकाळपासून," तो म्हणाला. "शेवटचा टप्पा तेवढा ऱ्हायला. मागचा गडी लई मागं हाय."

"मग आता दमानं घ्या की."

"दमानं?" सादिक हसला. "आप्पा, त्यो मद्रासी सायेब बांधावर खुर्ची टाकून बसणाराय. आमचं हंबीरराव त्याला उडून दाखिवणार. गाडीखालनं म्हस जाईल!"

आप्पांचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. हंबीरनं सादिकला कोपरानं ढोसलं.

"खुळं काय पण बोलतंय, आप्पा. एवढं काय नसतं. रोजचंच हाय."

दोन टप्प्यांच्या मधे गाडी बघायला मोजकाच वेळ मिळतो. मी चाकं तपासली, शेवटच्या टप्प्यासाठी चारही नॉब लावले. पुढचे बरेच कडक, मागचे त्याहून थोडे कमी. बॉनेट बंद करून पिना लावल्या. तेवढ्यात शिवकुमार आले. शॉकअप कुणी बनवले, आत कुठलं तेल आहे, झडपा स्वतः कापल्या का, असं ते हिंदीत विचारत होते आणि ऐकताना माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या हातांकडे बघत होते. मी त्यांच्याबरोबर चालत मैदानाच्या कडेपर्यंत गेले. हंबीर आणि सादिक चिंचेखाली जेवत होते.

मी एकदा मागे वळून पाहिलं. आप्पा गाडीपाशी होते. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली. पुढे येऊन दिवे पुसले. पहाटे डेपोत गाडी ताब्यात घेतल्यावर ते हेच करायचे. काच, दिवे, मग बॉनेट उघडून पाणी बघणं, मग स्टिअरिंगला नमस्कार. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पहाटेच्या गाडीनं जायची तेव्हा हे सगळं पाहिलेलं होतं. बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबून बंद करताना आणि मग तेच तळवे कपाळाला लावताना ते दिसले, आणि मला आतून भरून आलं. वाटलं, आप्पांनी शेवटी हंबीरची गाडी आपली म्हटली.

शिवकुमार काहीतरी विचारत होते. मी त्यांच्याकडे वळले.

टप्पा सुरू झाला तेव्हा आप्पा माझ्या शेजारीच उभे होते. मैदानातून वाघजाईचा माळ दिसतो, पण कालव्याचा बांध दिसत नाही. फक्त धूळ दिसते. निळी कुठे आहे ते मी धुळीवरून आप्पांना सांगत होते. ते शांत होते. मला अपेक्षा होती त्याहून शांत.

"काय काळजी न्हाय," ते म्हणाले. "झोकात जाईल."

मग धुळीचा लोट थांबला. पुढे सरकायचा तो एका जागी उभा राहिला आणि वाऱ्यानं हळूहळू बाजूला गेला.

हंबीरचं गळ्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं. सादिकला हनुवटीवर टाके पडले. ॲम्ब्युलन्समधून आप्पा दोघांबरोबर कोल्हापूरला गेले आणि मी बांधावर गेले, कारण गाडी उचलून नेण्याआधी मला ती बघायची होती. हे मी काळीज घट्ट होतं म्हणून केलं नाही. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून केलं.

गाडी कालव्याच्या पलीकडे उसात कुशीवर पडली होती. बांधाच्या खाली मातीत एक खोल खड्डा होता. गाडीचं नाक तिथे रुतलं होतं आणि मग ती उलटली होती. पुढचा उजवा शॉकअप वाकून चाकासकट मागे गेला होता. नळी तपासली. तेल आत होतं. ते बाहेर येऊ न देणारं रबरी सील शाबूत होतं. दांडा पूर्ण आत जाऊन टेकल्याच्या खुणा होत्या, आणि मगच वाकला होता. म्हणजे गाडी खाली आली तेव्हा तिला कुणी अडवलंच नव्हतं.

मी वाकलेल्या बॉनेटच्या फटीतून हात घातला आणि उजवा नॉब डावीकडे फिरवून बघितला.

तो फिरला नाही. आधीच शेवटाला होता.

पलीकडचा बघितला. तोही शेवटाला. मग डिकी उघडली. मागचे दोन्ही मी लावले होते तिथेच होते.

खडीच्या रस्त्याला, चरांना, दगडांना मऊ शॉकअप चांगलाच. चाक वर-खाली होतं आणि गाडी जागेवर राहते. पण उंचावरून पडणारी गाडी वेगळी. तिचं सगळं वजन एका क्षणात खाली येतं आणि तेव्हा तेलानं अडायला लागतं. अडलं नाही तर नाक मातीत. त्या दिवशी गाडीत मी हसले नसते, तर माझं पुढचं वाक्य हेच असतं.

हंबीर नव्हे. रॅलीच्या दिवशी तो नॉबला हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय तर नाहीच. सादिक त्याच्याबरोबर चिंचेखाली होता. आणि गाडीची माहिती असलेला कुणीही माणूस पुढचे दोन फिरवून मागचे तसेच सोडणार नाही. ज्याला फक्त पुढचेच दोन ठाऊक होते असा माणूस एकच होता. त्याला ते मी दाखवले होते.

उसाच्या त्या फडात मी नॉब मोजत उजवीकडे फिरवले, मी लावले होते तिथपर्यंत. मोजमाप पुसण्याचं काम मी आयुष्यात तेवढं एकदाच केलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. हंबीर खाटेवर, हात गळ्यात. आप्पा स्टुलावर बसून त्याच्या पायावरून हात फिरवत होते. बिल्ला सदऱ्यावर तसाच होता. मी त्यांच्या चेहऱ्यावर काय शोधत होते ते मला कळत होतं, आणि ते तिथे नव्हतं. भीती होती, थकवा होता. दुसरं काही नाही.

"वाचलं बघ पोरगं," ते मला म्हणाले. "शालन, मी काय म्हणतोय, तुज्या त्या गाडीचं—"

"आप्पा, चहा आणता का जरा? माझं डोकं दुखतंय."

ते लगेच उठले. पण दारापर्यंतच गेले, कारण हंबीर बोलायला लागला.

"ताई, गाडी बघितलीस?"

"बघितली."

"मी रोजच्यासारखाच घेतला गं बांध. सकाळी दोनदा घेतला तसाच. पण खाली आलो आन् पुढनं नुसती बसली. काय झालंतं?"

आप्पा दारात उभे होते. चौकटीला हात धरून, उत्तर ऐकायला.

"उजव्या शॉकअपचं सील फुटलं," मी म्हटलं. "तेल गेलं सगळं. माझंच काम कच्चं राहिलं."

हंबीर माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. वेदनेमुळे असेल असं मला वाटलं. मग त्यानं आप्पांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"बरं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. शिवकुमारांनी दुसरा ड्रायव्हर घेतला. सील फुटल्याची गोष्ट सादिकनं कुणाला सांगितली नसेल, पण दवाखान्यात बाकीचेही होते, आणि उद्यमनगरात बातमीला पाय लागत नाहीत. शेतावर जाणारे एक डॉक्टर आणि आणखी तिघं माझे शॉकअप बसवणार होते. ते येईनासे झाले. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते. हंबीरचं मनगट जुळलं, तो दूध संघात राहिला, गाडी पुन्हा पळवली नाही. निळी त्यानं दुरुस्त केली तेव्हा तिला कंपनीचे साधे शॉकअप बसवले. मला विचारलं नाही. शेड बंद करून मी पुण्याला एका प्रयोगशाळेत लागले. तिथे मी पुलांच्या बेअरिंगच्या चाचण्या घेते.

भाऊबीजेला मी जायची. हंबीर पाटावर बसायचा, मी ओवाळायची, तो ताटात पाकीट ठेवायचा. "कसं चाललंय?" "चाललंय." जेवताना आप्पाच बोलायचे. कधी कधी वाटायचं, आज हा विचारेल. खरंच सील होतं का ताई, असं विचारेल आणि मी सांगेन. त्यानं विचारलं नाही. मी मनात ठरवून टाकलं की त्यानं मला माफ केलेलं नाही, आणि ते मला एका अर्थी सोयीचंही होतं. आप्पांच्या नावावर काही आलं नव्हतं.

आप्पा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. झोपेत गेले. दिवसकार्य उरकून मी परत निघाले तेव्हा हंबीर म्हणाला, "स्टँडवर सोडतो चल." निळी विकून बरीच वर्षं झाली होती. त्याच्याकडे आता दुसरी गाडी होती, पांढरी. घरून निघताना हंबीरच्या बायकोनं माझ्या पायाशी पाण्याचा तांब्या ठेवला. वाटेत दत्ताच्या देवळातल्या पिंपळाला घालायचा होता.

रंकाळा मागे पडला.

मग म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात आप्पा सारखं तेच सांगत होते. येईल त्याला. नर्सला सुद्धा."

"काय?"

"मी गाडी मऊ केली म्हणून पोरगं वाचलं."



"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दवाखान्यात त्यांनीच सांगितलं. त्याच दिवशी, तू यायच्या आधी. पहिलं वाक्य तेच. हंबीर, मी खटकं मोजून मऊ केलं हुतं बघ, न्हाईतर काय झालं असतं."

"मग तू..."

"मग तू आलीस आणि म्हणालीस सील फुटलं. त्यांचं तर पक्कंच झालं. सील फुटून सुद्धा वाचलास म्हणाले, मऊ होती म्हणून." तो हसला, पण नुसता ओठांनी. "मरेपर्यंत खूश होते त्या गोष्टीवर. बिल्ल्याच्या वर ती गोष्ट."

"म्हणजे चांगलंच झालं ना?"

"त्यांचं झालं."

समोरून वडापची, माणसांनी खच्चून भरलेली जीप आली. तिला त्यानं वाट दिली.

"मला चांगल्या शॉकअपला वाईट म्हणू द्यावं लागलं, ताई. लोक विचारायचे, बहिणीचा माल कसा होता? मी म्हणायचो, चांगला होता. मग मोडला कसा? तिथं गप्प. तुझी शेड बंद होताना बघत बसलो गप्प."

"सांगायचंस तरी मला. एकदा."

"मी सांगायचं?" त्याचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "तू कुणापासनं लपवलंस ते? आप्पा दारात होते, ठीक आहे, त्यांच्यासमोर नको. पण ते चहाला गेले की! चांगली दहा मिनिटं गेले होते. तू खाटेशेजारी बसून छताकडं बघत होतीस. तुला काय वाटलं, मी त्यांच्या अंगावर जाईन? म्हातारपणी त्यांना म्हणेन, तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं?"

मी पायाशी हलणारा तांब्या धरला.

"तेच वाटलं होतं तुला," तो म्हणाला. आवाज पुन्हा खाली आला होता. "मला गाडी गेल्याचं एवढं नाही लागलं. त्या कोइमतूरचं पण नाही. मी असा वाटलो तुला, ते लागलं. मग म्हटलं, कधीतरी सांगेल. या दिवाळीला सांगेल. पुढच्या सांगेल. वाट बघायचो."

"मी पण वाट बघायची."

"कशाची?"

"तू विचारशील म्हणून."

त्यावर त्यानं मान हलवली. नाही म्हणायला नव्हे, होय म्हणायलाही नव्हे.

देवळाशी थांबून मी तांब्यातलं थोडं पाणी पिंपळाला घातलं. बाकीचं तसंच ठेवलं, ते हंबीरनं परत घरी न्यायचं होतं म्हणून. तो गाडीतच बसून होता. मी आत बसले तेव्हा म्हणाला, "तुझ्याकडं ते शॉकअप आहेत का अजून? एखादी जोडी? या गाडीची पाठीला लई ठोकर बसते. दोन्हीला चालतील असे लागतील. शेतात पण जातो मी हल्ली."

"नाहीत. शेड दिली तेव्हा सगळं भंगारात गेलं. साचे पण."

"बरं," तो म्हणाला.

दवाखान्यातलंच ते बरं. मला आता ते ओळखता आलं.

स्टँडच्या अलीकडे मोठा गतिरोधक आहे, मधेच उखडलेला. त्यानं लांबूनच वेग काढत आणला, क्लच हलका धरला, आधी एक चाक चढवलं, मग दुसरं, आणि गाडी पलीकडे उतरली. साध्या, कडक शॉकअपची गाडी. माझ्या पायाशी तांब्यातलं पाणी काठापर्यंत आलं, क्षणभर तिथे थांबलं आणि परत खाली गेलं.